मालवणचा दर्या आणि प्रवाळांची वसाहत

मालवणास जाणारा प्रवासी होडीत बसतो, कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग पाहतो, माशाचे जेवण जेवतो आणि परततो. त्यात गैर काही नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाला चार दिवस समुद्राची हवा मिळाली पाहिजे, असे आम्ही नेहमीच म्हणत आलो आहो. परंतु आपल्या होडीखाली काय आहे, हेही त्याला ठाऊक हवे.

होडीखाली प्रवाळ आहे. पुष्कळांना ते दगड वाटते, काहींना झाड. वस्तुतः ती इवल्याशा प्राण्यांची वसाहत होय. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातील द्रव्ये घेऊन चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. प्राण्याने आसरा द्यावा आणि शैवालाने सूर्यप्रकाशावर अन्न करून त्यातला मोठा वाटा प्राण्याला द्यावा, असा हा सहकार आहे. म्हणून त्याला उथळ, निवळ व उबदार पाणी लागते. पाणी गढूळ झाले की प्रकाश अडतो. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून ते अंशभर जरी वाढले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर सहकार मोडतो. शैवाल निघून जाते व प्रवाळ पांढरे पडते. उष्मा लवकर ओसरला तर ते सावरते. नाही तर उपासमारीने मरते.

मालवणला आढळणाऱ्या गोलसर प्रवाळांची वाढ साधारणपणे वर्षाकाठी सेंटिमीटरभर. म्हणजे फूटभर उंचीला तीस वर्षे, एखाद्या कामगाराची सारी नोकरी! होडीचा नांगर ती एका क्षणात फोडतो. नुसता पाय टेकला तरी इजा होते.

१९८७ साली येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य झाले. मच्छीमारांनी विरोध केला. तो प्रवाळाला नव्हता. जाळे कोठे टाकावयाचे, हा पोटाचा प्रश्न होता. रापण ओढणाऱ्यांना आणि होडी वल्हवणाऱ्यांना बाजूस सारून केलेले रक्षण कागदावरच राहते, असे आमचे मत आहे. त्यांना निर्णयात आणि उत्पन्नात वाटा द्या; दर्याचे उत्तम राखणदार तेच होतील. जागोजाग कायमचे तरते बोये बांधले, तर होड्या त्यांनाच बांधता येतील व नांगर टाकण्याचे कारण उरणार नाही.

प्रवाशाचेही कर्तव्य आहे. प्रवाळावर उभे राहू नये, माशांना पाव टाकू नये, पोवळ्याचा तुकडा घरी आणू नये. वन्यजीव कायद्याने तो गुन्हाच आहे. भाड्यासाठी फार घासाघीस करू नये. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा त्या कमाईवरच तांडेलाची चूल पेटते. आणि निघण्यापूर्वी त्याला एवढे अवश्य विचारावे: “दादा, नांगर कुठे टाकणार?”