शिळ्या भाकरीपासून ओल्या डब्यापर्यंत

१९७२च्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो ज्वारी आली, दुष्काळी कामांवर सुकडी हे कोरडं पौष्टिक खाणं वाटलं गेलं. ते दिवस पाहिलेल्या बायकांच्या स्वयंपाकघरात उरलेल्या घासाची पुढची सोय ठरलेली असे. रात्रीचा भात सकाळी फोडणीचा व्हायचा, शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा गूळ-तूप घालून लाडू, भाकरी ताकात. उरलेल्या आमटीत थालीपिठाचं पीठ भिजे. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात जात. त्यातूनही राहिलंच, तर आपल्या नाहीतर शेजारच्या गोठ्यात गुरं होती. यात हौस नव्हती, टंचाई होती. आणि शिळं बहुधा घरातल्या बाईच्याच पानात पडे. हे विसरून त्या काळाचे गोडवे गाऊ नयेत.

पुढे शहरांत फ्रिज आले, गोठे गेले. फ्रिजने अन्न टिकवलं खरं, पण नजरेआडही केलं. मागच्या कप्प्यातली उसळ आठवेपर्यंत आंबलेली असे. खरकटं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मुंबईत देवनारच्या, पुण्यात उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोत जाऊ लागलं. ढिगाखाली हवा न मिळता अन्न कुजलं की मिथेन सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. फुरसुंगीच्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. जानेवारी २०१६मध्ये देवनार पेटलं आणि मुंबईवर धूर पसरला.

कचरा वेगळा करण्याचा नियम २०००मध्येच आला होता. २०१६च्या नियमांनी ती जबाबदारी थेट घरावर टाकली. पुण्यात मात्र हे काम खऱ्या अर्थाने केलं ते १९९३मध्ये संघटित झालेल्या कचरावेचकांनी. त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा केला. 'ओला' आणि 'सुका' हा भेद त्यांनी दारात उभं राहून शिकवला. या कचरावेचक बायकांचं ऋण शहराने अजून पुरतं मानलेलं नाही.

मला काळजी वाटते ती वेगळीच. ओल्या कचऱ्याच्या डब्याने आपण निर्धास्त झालो. खत होणारच आहे, मग दोन पोळ्या टाकल्या तर काय बिघडलं? खत केल्याने मिथेन बराच टळतो. पण त्या गव्हाला दिलेलं पाणी, युरिया, मळणीचं डिझेल, गिरणीची वीज यांतलं काहीच परत येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतून. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे. त्यात सालं-बियाही धरल्या आहेत.

आता एकाच घरात जेवणाच्या चार वेळा असतात, कुणी बाहेरून मागवतं, कुणी बाहेरच खाऊन येतं. कुकर लावण्याआधी 'आज घरी जेवणार नाही' हा निरोप देणं जेवणाऱ्याचं काम आहे. तो निरोप अजूनही स्वयंपाक करणारीलाच विचारून घ्यावा लागतो. पन्नास वर्षांत एवढं मात्र फारसं बदललेलं नाही.