रोगनिदानाचा संकेत आणि नोंदीतील मौन : मध्यपटलाच्या अंतर्गळाचे उदाहरण

छाती आणि उदर यांना विभागणारा स्नायूंचा घुमटाकार पडदा म्हणजे मध्यपटल. त्यातील छिद्रातून अथवा दुबळ्या भागातून जठर, आतडे किंवा उदरातील अन्य अवयव छातीच्या पोकळीत शिरला, म्हणजे त्या अवस्थेस मध्यपटलाचा अंतर्गळ म्हणतात. डॉक्टरांच्या व्यवहारातील 'डायफ्रॅमॅटिक हर्निया' तो हाच. त्याची चिकित्सा हा वैद्यकाचा विषय होय. परंतु रुग्णपत्रिकेत शब्दांनी लिहिलेल्या निदानाचे अंकात्मक संकेतात रूपांतर कसे होते, आणि त्यात अर्थाचा कोणता अंश टिकतो व कोणता गळतो, हा प्रश्न अर्थविचाराच्या कक्षेत येतो.

या संकेतपद्धतीचा उगम मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. झाक बेर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली शिकागो येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढे ती मांडली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून जागतिक आरोग्य संघटनेने हे कार्य आपल्याकडे घेतले, आणि मृत्यूच्या कारणांबरोबर रोगांचाही समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली असली, तरी अनेक देशांतील नोंदी अद्याप दहावीनुसारच होतात.

दहाव्या आवृत्तीत आपल्या उदाहरणास एक घर नसून तीन घरे आहेत. प्रौढ वयात उद्भवलेला अंतर्गळ पचनसंस्थेच्या प्रकरणात 'के ४४' या वर्गात येतो. जन्मजात अंतर्गळ जन्मजात विकृतींच्या प्रकरणात 'क्यू ७९.०' येथे जातो. अन्ननलिकेच्या छिद्रातील जन्मजात अंतर्गळास पुन्हा 'क्यू ४०.१' असे निराळे स्थान आहे. अपघातात मध्यपटलास झालेली इजा 'एस २७.८' मध्ये समाविष्ट होते. क्ष-किरणचित्रात तिन्ही रुग्णांच्या छातीत आतडे दिसत असेल. तरीही संकेत भिन्न. येथे नाम दृश्य रूपावरून ठरत नसून उत्पत्तीवरून ठरते.

हा भेद निरर्थक नाही. जन्मजात प्रकारात गर्भावस्थेतच उदरातील अवयव छातीत शिरल्यामुळे फुफ्फुसांची वाढ खुंटते, आणि नवजात अर्भकाचे संकट पचनाचे नसून श्वसनाचे असते. सुमारे २,५०० ते ३,५०० जन्मांमागे एका अर्भकात हा विकार आढळतो. उलट प्रौढांत सामान्यतः आढळणारा, जठराचा वरचा भाग छिद्रातून वर सरकण्याचा प्रकार बहुधा छातीतील जळजळीपुरता मर्यादित राहतो.

संकेतकोशाची रचना मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. पाणिनीय परंपरेत ज्यास उत्सर्ग आणि अपवाद म्हणतात, तोच संबंध येथे दिसतो. 'मध्यपटलाचा अंतर्गळ' एवढेच लिहिले असता 'के ४४' हा सामान्य नियम लागतो. 'जन्मजात' हे विशेषण असेल तरच अपवाद प्रवृत्त होतो. प्राग संप्रदायाच्या परिभाषेत बोलावयाचे तर 'जन्मजात' हे चिन्हित पद होय, आणि चिन्हाचा अभाव म्हणजे सामान्य अर्थ. वैद्याने घाईत ते एक विशेषण गाळले, तर अर्भकाच्या प्राणघातक विकृतीची नोंद प्रौढांच्या जळजळीच्या रांगेत जाऊन बसण्याचा धोका असतो, आणि जन्मजात विकृतींच्या गणनेतून एक बालक वजा होते. 'बोखडालेकचा अंतर्गळ' असे संशोधकाच्या नावाचे पद वैद्यास उत्पत्ती सुचविते. पण जे पद तज्ज्ञासच बोलते, त्याच्या भरवशावर नोंद सोडणे इष्ट नव्हे.

दुसरा मुद्दा उपद्रवांचा. 'के ४४' चे तीन पोटभाग आहेत : कोथाविना अवरोध असल्यास '.०', कोथ असल्यास '.१', आणि दोन्ही नसल्यास '.९'. कोथ व अवरोध दोन्ही असतील तर कोथाचा संकेत द्यावा, असा स्पष्ट निर्देश आहे. दोन नियम एकदम प्राप्त झाले असता बलवान कोणता हे ठरवून देणारी ही परिभाषाच होय. 'अडकलेला' वा 'मागे न सरकणारा' ही वर्णनेही, कोथ नसल्यास, '.०' मध्येच मोडतात.

नवव्या आवृत्तीशी तुलना केली असता एक सूक्ष्म बदल आढळतो. तेथे अंतर्गळाच्या शेवटच्या वर्गाचे शीर्षक 'अवरोध वा कोथ यांचा उल्लेख नसलेला' अशा अर्थाचे होते. दहाव्या आवृत्तीत ते 'अवरोध वा कोथ नसलेला' असे झाले. पहिले शीर्षक नोंदीविषयी बोलते, दुसरे रुग्णाविषयी. उल्लेखाचा अभाव आणि वस्तूचा अभाव या दोन गोष्टी तर्कदृष्ट्या एक नव्हेत. तथापि व्यवहारात नोंद मौन असली तरी तिला '.९' हाच संकेत मिळतो, आणि अशा रीतीने मौनाचे निषेधात रूपांतर होते. वैद्याने अवरोध तपासून नाकारला की त्याचा विचारच केला नाही, हे त्या अंकावरून कोणासही कळत नाही.

शिवाय जठर केवळ वर सरकलेले असो, वा अन्ननलिकेच्या शेजारून आत शिरलेले असो, उपद्रव नसल्यास दोहोंस 'के ४४.९' हा एकच संकेत आहे. दुसऱ्या प्रकारात जठरास पीळ पडण्याचे भय अधिक, हे त्यात उमटत नाही. अकराव्या आवृत्तीने मूळ संकेतास विस्तारसंकेत जोडण्याची मुभा दिली आहे. धातूस प्रत्यय लावावे तद्वत् ही रचना होय. तिने अभिव्यक्तीची शक्ती वाढते खरी. परंतु मूळ नोंदीत जे लिहिलेच नाही, ते कोणताही प्रत्यय निर्माण करू शकत नाही.

म्हणून निदान लिहिताना उत्पत्ती, स्थान व प्रकार, आणि अवरोध व कोथ यांचे अस्तित्व अथवा अभाव या गोष्टी स्पष्ट शब्दांत नमूद होणे अगत्याचे आहे. आणि नोंद संदिग्ध असल्यास संकेतकाने तर्क न करता वैद्यास विचारणे, हाच योग्य मार्ग होय. निषेधही उच्चारावा लागतो. न उच्चारलेला निषेध हा निषेध नसून केवळ मौन असते.