जाहिरात लक्षात राहते, वस्तूचे काय?

जाहिरातसंस्थेत प्रवेश मिळावा म्हणून धडपडणाऱ्या तरुणांचा एक वर्ग मुंबई-पुण्यात आता चांगलाच रुळला आहे. कोणी उपयोजित कलेची पदवी घेतलेला असतो, कोणी वाणिज्य शाखेचा पदवीधर असतो, तर कोणी केवळ मराठी-हिंदीत बरे लिहितो एवढ्या भांडवलावर या व्यवसायाच्या दाराशी उभा असतो. स्वतः कल्पिलेल्या जाहिरातींची एक वही त्याच्यापाशी असते आणि चांगली जाहिरात कशाला म्हणावे याविषयी त्याची मते अगदी ठाम असतात. जाहिरातीने हसवले पाहिजे, नाहीतर डोळ्यांत पाणी तरी आणले पाहिजे. वस्तूचे गुण पढवत बसू नये. जे सांगायचे ते पाहणाऱ्याला आपले आपण ओळखू द्यावे. आणि मोबाइलच्या पडद्यावर पाच सेकंदांनी ‘वगळा’ असे बटण उगवते त्याच्या आत त्याला धरून ठेवावे. थोडक्यात, जी लक्षात राहते ती जाहिरात यशस्वी, असा त्याचा सिद्धान्त असतो.

हा सिद्धान्त निव्वळ पोरकट म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. जाहिरात हा बोलावल्यावाचून घरात शिरणारा पाहुणा आहे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर आणि १ जानेवारी १९७६ रोजी दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा या पाहुण्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवण्याची सोय नव्हती. चित्रहाराची वाट पाहत बसलेले कुटुंब त्याआधीच्या साबणाच्या आणि दंतमंजनाच्या जाहिराती निमूटपणे पाहत असे. आज ती बांधिलकी उरलेली नाही. माहितीची सुबत्ता झाली की अवधानाचे दारिद्र्य निर्माण होते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच दाखवून दिले होते. जी गोष्ट दुर्मीळ, तिच्यासाठी किंमत मोजावी लागते, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ आहे. गंमत, गाणे, चमत्कृती ही त्या अवधानाची किंमत होय, असे या तरुणाच्या बाजूने म्हणता येईल.

प्रश्न उरतो तो एवढाच की, हे अवधान विकत घेऊन नेमके कोणाच्या पदरात पडते? रोसर रीव्हज या अमेरिकन जाहिराततज्ज्ञाने १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रिअॅलिटी इन अॅडव्हर्टायझिंग’ या ग्रंथात याविषयी कठोर इशारा दिला होता. जाहिरातीतील जी करामत वस्तूशी संबंधित नसते, ती पाहणाऱ्याचे लक्ष शोषून घेते आणि वस्तूच्या वाट्याला काही उरू देत नाही, असे त्याचे म्हणणे होते. रीव्हजचा स्वतःचा मार्ग मात्र रुक्ष होता. एकच दावा घ्यायचा, तो प्रतिस्पर्ध्याला करता येणार नाही असा असावा, आणि मग तो वर्षानुवर्षे डोक्यावर घणासारखा आदळत राहायचा. नव्या तरुणांना रीव्हज मुळीच आवडत नाही. त्यांचे दैवत म्हणजे बिल बर्नबाख. त्याच्या संस्थेने १९५९ मध्ये अवाढव्य मोटारींचे वेड असलेल्या अमेरिकेत फोक्सवॅगनची चिमुकली गाडी जवळजवळ कोऱ्या पानाच्या एका कोपऱ्यात छापली आणि वाचकाला लहान विचार करायला सांगितले. ही कल्पना सर्वांना पाठ असते. पण त्या चित्राखाली जो मजकूर होता तो क्वचितच कोणी वाचलेला असतो. एका गॅलनला ३२ मैल, तेलाचा अल्प खर्च, एका टायरच्या संचावर ४० हजार मैल, गाडी उभी करायला पुरणारी लहान जागा, विमा आणि दुरुस्तीची बिले, असा तो सरळसरळ काटकसरी गृहस्थाचा जमाखर्च होता. चित्राने वाचकाला थांबवले. खरेदीचे कारण त्याच्या हाती दिले ते त्या जमाखर्चाने.

आपल्याकडे याच मुद्द्याचा खल धुण्याच्या पावडरीवरून झाला, आणि तो इतका उद्बोधक आहे की अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो मुळातून अभ्यासावा. हिंदुस्थान लिव्हरने १९५९ मध्ये सर्फ बाजारात आणले. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, करसनभाई पटेल या गुजरात सरकारच्या सेवेतील रसायनज्ञाने अहमदाबादेत घरगुती पद्धतीने तयार केलेली पिवळी पावडर सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. तिला त्याने आपल्या मुलीच्या नावावरून निरमा हे नाव दिले. तिचा भाव सर्फच्या भावाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या आसपास होता. पांढरा फ्रॉक घातलेली मुलगी आणि तिचे गाणे नंतर घरोघर पोहोचले. परंतु निरमा गाण्यावर वाढली असे म्हणणे म्हणजे वऱ्हाडाचे श्रेय वाजंत्र्याला देण्यासारखे आहे. वडीच्या साबणावर कपडे धुणाऱ्या लक्षावधी कुटुंबांना पावडर प्रथमच परवडू लागली, हे खरे कारण. गाण्याने त्या कारणाची दवंडी पिटली. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वजनाच्या हिशेबाने निरमा सर्फच्या पुढे निघून गेली.

याला उत्तर म्हणून लिंटास या संस्थेने अलेक पदमसी यांच्या नेतृत्वाखाली ललिताजी उभी केली. कविता चौधरी यांनी साकारलेली ही करारी गृहिणी ज्यांनी तेव्हाचे दूरदर्शन पाहिले आहे त्यांच्या स्मरणातून जाणे शक्य नाही. भाजीवाल्याशी दमडी-दमडीची घासाघीस करणारी ही बाई सर्फ मात्र जास्त दाम देऊन घेते, आणि त्याचा खुलासाही देते. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत भेद आहे. अर्धा किलो सर्फ हे साध्या पावडरीच्या एक किलोइतके काम करते. होतकरू जाहिरातकार या पात्राच्या ठसक्याचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण जाहिरातीचा कणा तो ठसका नसून त्रैराशिक आहे. किलोचा भाव पाहू नका, एका धुण्याचा खर्च पाहा, असे ती सांगते. अर्थशास्त्राचा अध्यापक वर्गात याहून फार वेगळे काय सांगतो?

मात्र हे त्रैराशिक पुरते सोडवून पाहावे. भाव तिप्पट-चौपट आणि काम दुप्पट, असा हिशेब मांडला तर सर्फ तरीही दीडपट ते दुपटीने महागच पडते. उरलेली तफावत कपड्यांच्या टिकाऊपणाने काही अंशी भरून निघते, असे मानू. परंतु तिचा मोठा भाग ‘आपण समजूतदारपणे खरेदी करतो’ या समाधानाने भरून काढलेला आहे. हे समाधान परवडणारा मध्यमवर्ग सर्फपाशी टिकला. ज्याला ते परवडत नव्हते तो वर्ग कोणत्याही ललिताजीच्या आवाक्यात नव्हता. म्हणूनच १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान लिव्हरला व्हील ही स्वस्त पावडर स्वतंत्रपणे काढावी लागली, आणि तीसाठी उत्पादनाची व वितरणाची घडीही नव्याने बसवावी लागली. एवढी गाजलेली जाहिरात हाती असतानाही! होतकरू तरुणाच्या वहीत वस्तूची किंमत सहसा कुठेच लिहिलेली नसते. तिकडे बोट दाखवावेसे वाटते ते यासाठी.

विनोदाचे उदाहरण द्यायचे तर फेव्हिकॉलचे द्यावे लागेल. वाळवंटातील खडबडीत रस्त्यावरून माणसांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी लगडलेली बस हेलकावे खात जाते, कोणी पडत नाही, आणि बसच्या पाठीमागे फलक दिसतो. त्यात वस्तूच्या गुणांचे वर्णन कोणी करत नाही. तरीही चिकटण्याखेरीज दुसरे काहीही सांगितलेले नाही. विनोद आणि वस्तूचा गुण ही एकच गोष्ट झाली, म्हणून रीव्हजचा आक्षेप येथे लागू पडत नाही. पण याही कथेला एक पूर्वार्ध आहे. पिडिलाइटने १९५९ मध्ये हा पांढरा डिंक काढला तेव्हा सुतार सरस वापरत. तो उकळावा लागे आणि त्याचा दर्प सहन करावा लागे. कंपनीने दुकानदारापेक्षा सुतारालाच थेट गाठले. ही जाहिरात देश हसत पाहू लागला तोपर्यंत सुतारांचा निकाल कित्येक वर्षांपूर्वीच लागलेला होता.

याउलट ओनिडाचे उदाहरण. १९८२ च्या एशियाड स्पर्धांबरोबर रंगीत दूरचित्रवाणी संच आले आणि त्या दशकात शिंगे-शेपटीवाला एक हिरवट सैतान शेजाऱ्याच्या मत्सराचे गुणगान करीत पडद्यावर अवतरला. शेजाऱ्याकडे पाहून आपला उपभोग ठरतो हे ड्युझेनबेरीने १९४९ मध्ये मांडले होते. गोपी कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शिंगे लावून दाखवले. सैतान भलताच गाजला, संचही खपले. मात्र १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोरियन कंपन्या आपले संच आणि विक्रेत्यांचे जाळे घेऊन उतरल्यावर तो मत्सर उपयोगी पडला नाही. आज सैतान अनेकांना आठवतो; घरातील संच कोणत्या कंपनीचा, हे विचारू नये.

जाहिरातीचे एक तिसरे कार्य असते, आणि तेथे कल्पक माणसाची खरी गरज लागते. १९९४ मध्ये कॅडबरीपुढे प्रश्न होता तो चॉकलेट हा लहान मुलांचा खाऊ या समजुतीचा. षटकार बसताच मैदानात नाचत धावणारी तरुणी दाखवून पीयूष पांडे यांच्या चमूने प्रौढ माणसाला चॉकलेट खाण्याची जणू परवानगीच दिली. २०२१ मध्ये हीच जाहिरात स्त्री खेळाडू आणि नाचणारा तरुण अशी उलटी करून पुन्हा केली गेली. येथे भाव तोच, वस्तू तीच. बदलला तो तिच्या उपयोगाचा प्रसंग. गॉलब्रेथ यांनी ‘द अॅफ्लुएंट सोसायटी’ या १९५८ च्या ग्रंथात, उत्पादनच आपल्या पूर्तीसाठी गरजा निर्माण करते, असा आरोप केला होता. त्याला हे उदाहरण अगदी चपखल आहे, आणि तरीही ते निरुपद्रवी वाटते, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

या आरोपाला अर्थशास्त्रातूनच एक उत्तर दिले गेले. फिलिप नेल्सन यांनी १९७० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, ज्या वस्तूचा गुण वापरल्यावरच कळतो तिच्या बाबतीत जाहिरातीतील मजकुरापेक्षा तिच्यावर झालेला खर्चच ग्राहकाला काही सांगून जातो. वाईट वस्तू कोणी दुसऱ्यांदा घेत नाही. तेव्हा जो विक्रेता एवढा पैसा ओततो त्याला ग्राहक परत येण्याचा भरवसा असला पाहिजे. साबण, चहा, बिस्किटे यांच्याबाबत हा युक्तिवाद बव्हंशी टिकतो. पण त्यात दोन अटी गृहीत आहेत: वापरल्यावर गुण कळला पाहिजे आणि दुसरी खरेदी संभवली पाहिजे.

या अटी जेथे पडतात तेथे ग्राहक उघडा पडतो. गोरेपणाच्या मलमाने गोरेपण आले की नाही हे ठरवणार कोण? फेअर अँड लव्हली १९७५ पासून खपत होते. रंग उजळला की नोकरी मिळते, लग्न जमते, या कथेवर त्याच्या जाहिराती बेतलेल्या असत. सावळेपणा कमीपणाचा दाखवू नये असा नियम जाहिरात मानक परिषदेने केला तो २०१४ मध्ये आणि नावातला गोरेपणा गेला तो २०२० मध्ये. लक्षात राहण्याच्या कसोटीवर या जाहिराती पूर्णपणे उत्तीर्ण होत्या. सावळ्या मुलींच्या तर त्या फारच लक्षात राहिल्या.

आणि दुसरे उदाहरण शिक्षकांच्या व पालकांच्या अधिक जवळचे आहे. खासगी शिकवणीवर्गाचे शुल्क आयुष्यात एकदाच भरायचे असते. वर्ष वाया गेले तर कोणी त्याच वस्तूची दुसरी पुडी घेऊन पाहत नाही. कारकुनाच्या भविष्यनिर्वाह निधीतून उचललेली रक्कम तेथे लागलेली असते. या वर्गांच्या जाहिरातीत विनोद नसतो, कथा नसते, कल्पकता तर नसतेच. यशस्वी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांच्या रांगा, खाली गुणानुक्रम, आणि संचालकांचा मोठा चेहरा एवढ्यावर ती भागते. होतकरू जाहिरातकाराच्या सर्व मतांना धाब्यावर बसवून ती काम करते, कारण तिच्यात पालकाला पुरावा दिसतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या काही संस्थांची चौकशी केली, तेव्हा या पुराव्याचे स्वरूप उघड झाले. छायाचित्रातील कित्येकांनी त्या संस्थेत केवळ मुलाखतीचे मार्गदर्शन घेतले होते. पूर्व आणि मुख्य परीक्षा त्यांनी अन्यत्र किंवा स्वबळावर दिल्या होत्या. कोणता अभ्यासक्रम, हे तेवढे जाहिरातीत नव्हते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने शिकवणीवर्गांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्याची लेखी संमती त्याच्या निवडीनंतर घ्यावी, त्याने कोणता अभ्यासक्रम किती मुदतीचा घेतला हे छायाचित्राबरोबर सांगावे, आणि असा खुलासा इतर महत्त्वाच्या मजकुराच्याच आकाराच्या अक्षरांत छापावा, असे त्यांत म्हटले आहे. लातूर किंवा पुण्यात नव्याने काम शोधणाऱ्या जाहिरातकाराच्या हाती पहिले काम बहुधा अशाच एखाद्या फलकाचे येते. ती ओळ मोठ्या अक्षरांत बसवायची तर छायाचित्रांची एक रांग काढावी लागते, आणि हे त्याला पैसे देणाऱ्या संचालकाला समोर बसून सांगावे लागते.