शिशूंशी बोलण्याची प्रौढांची रीत आणि प्रारंभिक भाषासंपादन : एक विवेचन

प्रस्तावना

मानवी जीवनात भाषेला अनन्यसाधारण स्थान आहे. ही भाषा मूल शाळेत जाण्यापूर्वीच, व्याकरणाचे एकही पुस्तक न उघडता, अवघ्या तीन-चार वर्षांत आत्मसात करते. हे कसे घडते, हा भाषाविज्ञान आणि मानसशास्त्र या दोन्ही शास्त्रांपुढील मूलभूत प्रश्न आहे. मुलाच्या कानावर पडणारी भाषा तुटक आणि सदोष असते, तरीही मूल भाषा शिकते, त्याअर्थी भाषेची क्षमता उपजत असली पाहिजे, असे प्रतिपादन नोम चॉम्स्की यांनी १९६० च्या दशकात केले. या प्रतिपादनामुळे अभ्यासकांचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे वळले. मुलाच्या कानावर प्रत्यक्षात कोणती भाषा पडते, हे कोणी नीट ऐकलेच नव्हते.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. बाळाशी बोबडे बोलावे की नाही, घरात कोणती भाषा बोलावी, रडणाऱ्या बाळाच्या हाती मोबाईल द्यावा काय, असे प्रश्न आज प्रत्येक घरात विचारले जातात आणि त्यांची उत्तरे बहुधा ऐकीव समजुतींवरून दिली जातात. प्रस्तुत लेखात शिशूंशी बोलण्याच्या रीतीचे स्वरूप स्पष्ट करून तिचा भाषासंपादनाशी असलेला संबंध उपलब्ध संशोधनाच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना आणि मराठीचा संदर्भ

प्रौढ माणूस तान्ह्या मुलाशी बोलू लागला की त्याचे बोलणे नकळत बदलते. आवाजाची पट्टी उंचावते, सुरांचे चढउतार वाढतात, वाक्ये आखूड होतात, बोलण्याची गती मंदावते, दोन वाक्यांमधील विराम लांबतो आणि तेच ते शब्द पुनःपुन्हा येतात. या बोलण्यास येथे ‘शिशुसंबोधित भाषा’ असे म्हटले आहे. तिच्यातील खास शब्दसंग्रहाला ‘बालबोली’ म्हणता येईल. या दोन गोष्टी एकत्र आढळत असल्या तरी एक नव्हेत, हे प्रारंभीच लक्षात घेतले पाहिजे.

या विषयाच्या आधुनिक अभ्यासात मराठीला आरंभापासून स्थान आहे, ही बाब मराठी वाचकांस फारशी परिचित नाही. अमेरिकन भाषावैज्ञानिक चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ मध्ये सहा भाषांतील बालबोलींचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची व गिलियाक यांच्याबरोबर मराठी ही त्यांतील सहावी भाषा होती. त्याच वर्षी डॉ. अशोक रा. केळकर यांचा मराठी बालबोलीवरील स्वतंत्र लेख ‘वर्ड’ या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मराठी बालबोलीचे विशेष आपल्या रोजच्या परिचयाचे आहेत. मंमं, दुदू, भूभू, माऊ, चिऊ, काऊ, हम्मा, बाऊ, भुर्र, जोजो, गाई हे शब्द लहान आहेत. त्यांत जोडाक्षरे विरळ आहेत आणि अवयवांची द्विरुक्ती वारंवार आढळते. उच्चारात ‘र’ च्या जागी ‘ल’ येतो, म्हणून ‘काय करतोस रे’ चे ‘काय कलतोश ले’ होते. सर्वनामे टाळली जातात. ‘मी तुला नेते’ असे न म्हणता ‘आई बाळाला भुर्र नेणार’ असे म्हटले जाते. ‘कुठे गेलं होतं माझं सोनं?’ या वाक्यात मुलगा असो वा मुलगी, नपुंसकलिंग येते. मुलीलाही ‘आला का माझा राजा’ असे लाडाने म्हणतात. म्हणजेच ही बोली नियमहीन नाही. तिचे नियम प्रौढांच्या भाषेहून वेगळे असतात, इतकेच.

सूर, ध्वनी आणि शब्द

शिशुसंबोधित भाषेचे पहिले कार्य म्हणजे लक्ष वेधणे. अॅन फर्नाल्ड यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, चार महिन्यांची बालके प्रौढांमधील संभाषणापेक्षा या सुरातील बोलणे अधिक पसंत करतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संयुक्त प्रकल्पात ६७ प्रयोगशाळांनी २,३२९ बालकांची चाचणी घेतली, तेव्हाही हीच पसंती दिसून आली. २०२२ मधील दुसऱ्या एका अभ्यासात २१ समाजांतील ४१० व्यक्तींच्या बोलण्याची व गाण्याची १,६१५ ध्वनिमुद्रणे तपासण्यात आली. बाळासाठी आवाज बदलण्याच्या रीतीत दूरदूरच्या समाजांतही साम्य असल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

दुसरे कार्य ध्वनींच्या ओळखीशी निगडित आहे. जेनेट वर्कर व रिचर्ड टीस यांच्या १९८४ मधील प्रसिद्ध संशोधनात हिंदीतील दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ यांमधील भेद वापरला होता. इंग्रजी भाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांची बालके हा भेद ओळखत; दहा ते बारा महिन्यांच्या बालकांत मात्र ही क्षमता ओसरलेली आढळली. मराठीतही हा भेद असल्याने आपल्याला तो जन्मजात वाटतो. प्रत्यक्षात तो भेद ऐकण्याची क्षमता बाळ बरोबर घेऊन येते आणि ती टिकते ती सभोवतीच्या भाषेमुळे. पहिला शब्द उच्चारण्याआधीच कान आपल्या भाषेचा होऊन जातो.

या कामी प्रौढांचे बोलणे कितपत साहाय्यक ठरते, याविषयी मात्र मतभेद आहेत. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिका, रशिया व स्वीडन येथील मातांचे बोलणे मोजले, तेव्हा बाळाशी बोलताना आ, ई, ऊ हे स्वर अधिक ताणून, एकमेकांपासून अधिक दूर उच्चारले जातात असे आढळले. २००२ मध्ये डेनिस बर्नहॅम आदी संशोधकांना असे दिसले की, पाळीव प्राण्यांशी बोलतानाही पट्टी उंचावते, परंतु स्वर ताणले जातात ते केवळ बाळांसाठी. सूर ममतेचा आणि ताणलेला स्वर शिकवणीचा, असा सुबक निष्कर्ष यावरून काढता आला असता. तथापि जपानी मातांवरील २०१५ च्या एका अभ्यासात त्यांचे बाळाशी बोलणे प्रौढांशी बोलण्यापेक्षा किंचित कमी स्पष्ट असल्याचे आढळले. त्यामुळे स्पष्ट उच्चार हेच या भाषेचे रहस्य आहे, असे म्हणता येत नाही.

शब्द सुटे करण्याचे कामही असेच आहे. लिखाणात शब्दांमध्ये मोकळी जागा असते. बोलण्यात ती नसते. आठ महिन्यांची बालके अवघ्या दोन मिनिटांच्या श्रवणातून, कोणते अवयव वारंवार एकत्र येतात यावरून ध्वनिप्रवाहातील शब्द वेगळे करू शकतात, असे १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन व सहकाऱ्यांनी सिद्ध केले. पुढे २००५ मध्ये, शिशुसंबोधित सुरात हे काम अधिक सुकर होते, असे दिसून आले.

बालबोलीतील शब्दांविषयी २०१८ मध्ये एडिंबरा येथील संशोधकांनी ४७ इंग्रजी भाषक बालकांचा अभ्यास केला. ज्यांच्या कानी द्विरुक्त व लाडिक रूपाचे शब्द अधिक पडत होते, त्यांचा शब्दसंग्रह नऊ ते एकवीस महिन्यांच्या काळात अधिक वेगाने वाढला. भूभू, मंमं यांसारख्या शब्दांमुळे मूल मागे पडते, ही भीती यावरून निराधार वाटते. ‘काय कलतोश ले’ यासारख्या मुद्दाम बदललेल्या उच्चारांचा लाभ मात्र यातून सिद्ध होत नाही.

प्रतिसाद : या रीतीचे मर्म

सूर आणि शब्द यांच्या पलीकडे एक तिसरा घटक आहे आणि प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बालकांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. काही बालकांसमोर चिनी भाषक व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळत व बोलत होती. इतरांना तेच साहित्य ध्वनिचित्रफितीवर अथवा केवळ आवाजाच्या रूपात मिळाले. प्रत्यक्ष सहवासातील बालके चिनी ध्वनींतील भेद ओळखू लागली. पडद्यावरून वा ध्वनिफितीवरून ऐकणारी बालके काहीच शिकली नाहीत. शब्द तेच होते, सूरही तोच होता. समोर प्रतिसाद देणारे माणूस तेवढे नव्हते.

त्याच वर्षी मायकेल गोल्डस्टीन व सहकाऱ्यांनी दाखवले की, आठ महिन्यांच्या बाळाच्या प्रत्येक हुंकारावर आईने तत्क्षणी हसून वा स्पर्श करून प्रतिसाद दिला, तर बाळाचे उच्चार अधिक प्रगल्भ होतात. तेवढाच प्रतिसाद अवेळी दिला असता हा परिणाम होत नाही. बाळाने ‘अंऽ’ करावे, आईने ‘हो का? मग काय झालं?’ म्हणावे, थांबावे, आणि बाळाने पुन्हा ‘अंऽ’ करावे, हा आपल्या घरांतील नित्याचा प्रकार वस्तुतः संभाषणाचा पहिला धडा असतो. बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे मूल शब्दांच्या आधी शिकते.

शब्दसंख्येचा वाद

अमेरिकेतील बेटी हार्ट व टॉड रिस्ली यांच्या १९९५ मधील ग्रंथाने मोठी खळबळ उडवली. ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून त्यांनी अनुमान केले की, गरीब घरातील मुले शाळेत जाण्यापूर्वी सुखवस्तू घरांतील मुलांपेक्षा सुमारे ३ कोटी शब्द कमी ऐकतात. या अनुमानाने शासकीय धोरणांवर प्रभाव टाकला, परंतु त्यावर गंभीर आक्षेपही आले. शासकीय साहाय्यावर जगणारी केवळ सहा कुटुंबे या अभ्यासात होती आणि घरातील इतर माणसांचे बोलणे पुरेसे विचारात घेतले नव्हते.

या संदर्भात अॅड्रियाना वाइसलेडर व अॅन फर्नाल्ड यांचे २०१३ मधील संशोधन उद्बोधक आहे. त्यांनी अमेरिकेतील अल्प उत्पन्न गटातील २९ स्पॅनिश भाषक कुटुंबे निवडली. एका दिवसात एका बालकाला उद्देशून १२,००० हून अधिक शब्द बोलले गेले, तर दुसऱ्याला उद्देशून केवळ ६७०. ज्यांच्याशी अधिक बोलले गेले, त्यांचा शब्दसंग्रह दोन वर्षांच्या वयात मोठा होता. मोठ्यांचे आपापसातील बोलणे नुसते कानावर पडण्याशी मात्र त्याचा संबंध आढळला नाही. आर्थिक स्थिती सारखी असूनही हा फरक होता. दारिद्र्य म्हणजे मौन, हे समीकरण त्यामुळे टिकत नाही.

संस्कृतिभेद

सर्वच समाज तान्ह्या मुलांशी सारखेच बोलतात असे नाही. एलिनॉर ऑक्स व बॅम्बी शिफेलिन यांनी १९८४ मध्ये सामोआ बेटे व पापुआ न्यू गिनीतील कालुली समाज यांचा दाखला देऊन हे निदर्शनास आणले. कालुली माता बाळाला स्वतःकडे नव्हे, तर इतरांकडे तोंड करून धरते आणि त्याच्या वतीने इतरांशी बोलते. बालबोलीतील शब्द तेथे हेतुपुरस्सर टाळतात. तरीही कालुली मुले आपली भाषा उत्तम शिकतात. यावरून शिशुसंबोधित भाषा ही भाषासंपादनाची अपरिहार्य अट नसून साहाय्यक वाट आहे, असे मानणे युक्त ठरते. आपल्याकडे एकत्र कुटुंबात आजी, आत्या, थोरली भावंडे व शेजारी यांच्यात बाळ हातोहाती फिरते. केवळ आईचे शब्द मोजणारे मापन अशा घराला न्याय देऊ शकत नाही.

आपल्या संदर्भात

उपरोक्त विवेचनाचा आपल्या व्यवहाराशी तीन प्रकारे संबंध येतो. पहिला संबंध पडद्याशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील बालकांसाठी पडद्यासमोरचा वेळ नसावा, अशी शिफारस केली. मोबाईलवरील बडबडगीत सुरेल असते, पण बाळाच्या हुंकारासाठी ते थांबत नाही.

दुसरा संबंध घरच्या भाषेशी आहे. मुलाला पुढे शाळेत अडचण नको, म्हणून इंग्रजी अथवा ‘शुद्ध’ मराठी बोलण्याचा सल्ला पालकांना दिला जातो. आपल्या राज्यात कोरकू, गोंडी, भिली बोलणारी कुटुंबे आहेत, अहिराणी व मालवणी बोलणारीही आहेत. जी भाषा आईच्या ओठी सहज येते, तिच्यातच ती चटकन प्रतिसाद देऊ शकते, रागावू शकते, चेष्टा करू शकते. परक्या भाषेतील मोजकी, अडखळती वाक्ये ही या सहजतेची जागा घेऊ शकत नाहीत. सदर सल्ल्यामुळे घर अबोल होत असेल, तर मुलाचे नुकसान भाषेच्या निवडीने नव्हे, तर त्या अबोलपणाने होते.

तिसरा संबंध मार्गदर्शनाशी आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात पालकांना, बाळ सहा, दहा व चौदा महिन्यांचे असताना, बाळाशी कसे बोलावे याचे मार्गदर्शन दिले गेले. त्या घरांत संभाषणाच्या पाळ्या वाढल्या आणि अठरा महिन्यांच्या वयात मुलांची भाषाही सरस ठरली. ही रीत शिकता येते, हे यातून सिद्ध होते. भारतात १९७५ पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी सेविका घरोघरी पोहोचतात. बाळाच्या वजनाबरोबर त्याच्याशी होणाऱ्या बोलण्याचीही आपुलकीने चौकशी करणे त्यांना शक्य आहे. मात्र ती चौकशी आईला दोषी ठरवणारी नसावी.

समारोप

शिशुसंबोधित भाषेचा सूर लक्ष वेधतो, तिची पुनरावृत्ती शब्द सुटे करते आणि तिचे छोटे शब्द स्मरणात राहतात. परंतु तिचे खरे सामर्थ्य बाळाला बोलणारा मानण्यात आहे. ज्याला अद्याप एकही शब्द येत नाही, त्याला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबणे, ही या रीतीची मूळ कृती होय. त्यासाठी पैसा, शिक्षण वा विशिष्ट भाषा लागत नाही. वेळ आणि उसंत मात्र लागते. दिवसभर मजुरी करून परतणाऱ्या आईला ती उसंत कशी मिळेल, हा भाषाविज्ञानाच्या कक्षेबाहेरचा प्रश्न आहे. तथापि मुलांच्या भाषेची काळजी वाहणाऱ्या समाजाला तो टाळता येणार नाही.