नाव डोंगर चढते ती कशी?

जुन्या जालन्यातून नव्या जालन्याकडे जाताना कुंडलिकेच्या पुलावरून खाली पाहा. भर उन्हाळ्यात तिथं कागदाची होडी सोडावी एवढंही पाणी दिसायचं नाही. तरी आज तुम्हांला नावेचीच गोष्ट सांगायची आहे, आणि तीही चढ चढणाऱ्या नावेची.

फ्रान्स देशाच्या दक्षिण भागात ‘कनाल द्यु मिदी’ नावाचा कालवा आहे. तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्रापर्यंत त्याची लांबी सुमारे २४० किलोमीटर. मिठावरचा कर गोळा करणाऱ्या पिएर-पोल रिके या गृहस्थानं हे काम अंगावर घेतलं. १६६६ साली त्याला राजाची मंजुरी मिळाली. १६७९ साली शिवाजी महाराजांची फौज आपल्या जालन्यावर आली, त्या सुमारास रिकेची माणसं कालव्यासाठी डोंगरातून बोगदा खणत होती. १६८१ साली कालवा खुला झाला. रिके मात्र आदल्याच वर्षी वारला होता.

पूर्वी या कालव्यातून घोडे काठावरून चालत मालाच्या नावा ओढीत. आता माल जात नाही, माणसं सुट्टीला जातात. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी वाहतूक बंद असते. आपल्याकडे चैत्राचं ऊन तापू लागतं, तेव्हा तिकडे वसंत येतो आणि कुटुंबंच्या कुटुंबं भाड्याची नाव घेऊन निघतात. नावेतच चूल, नावेतच बिछाना. वेग ताशी आठ किलोमीटरच्या वर नेता येत नाही; म्हणजे पोरगं सायकलवर काठानं निघालं तर नावेच्या पुढंच जाईल!

आता मुख्य गोष्ट. वाटेत उंचवटा आला की नाव वर जाते कशी? कालव्यात ठिकठिकाणी दगडी खोल्या बांधल्या आहेत. आपण त्यांना पाणखोली म्हणू. खोलीला वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक अशी दोन फळ्यांची दारं असतात. खालच्या दारानं नाव आत शिरते. ते दार लावून घेतात आणि वरच्या दाराची झडप उघडतात. पाणी आत येतं, नाव त्याबरोबर वर उचलली जाते. दोन्हीकडचं पाणी समपातळीला आलं की वरचं दार सहज उघडतं. त्याआधी दहा गडी लावले तरी उघडायचं नाही, कारण पाणीच ते दाबून धरतं. काठावरच्या खुंटीला दोर नुसता वेढायचा आणि हातात धरायचा, गाठ मारायची नाही. उतरताना गाठ मारलेली असली तर पाणी खाली जातं अन् नाव भिंतीला लटकते.

या खोल्यांच्या भिंती सरळ नाहीत, पोटाशी फुगीर आहेत. आरंभी सरळ भिंत बांधली होती, ती मातीच्या रेट्यानं ढासळली. विहिरीचं कडं गोल का बांधतात हे आपल्या गवंड्याला विचारा. रिकेला जे ठेच लागून कळलं ते तो बसल्या जागी सांगेल.

गुरुजींनी हे शाळेत करून दाखवावं. पत्र्याची पन्हळ थोडी उताराला ठेवा. चिकणमातीचे दोन बांध घालून तीन डोह करा, पाणी भरा. कागदी होडी खालच्या डोहात. खालचा बांध फोडा, होडी मधल्या डोहात ढकला, बांध पुन्हा लिंपा. मग वरचा बांध हळूच फोडा. होडी वर येते की नाही पाहा! दोन-तीन होड्या चढवल्या की वरचा डोह आटेल, आणि मुलं आपण होऊन विचारतील, आता पाणी कुठून आणायचं?

रिकेपुढेही तोच प्रश्न होता. कालव्याचा माथा नोरूझ इथं समुद्रसपाटीपासून सुमारे १८९ मीटर उंच. माथा ओलांडणारी प्रत्येक नाव चढताना एक खोलीभर आणि उतरताना एक खोलीभर पाणी माथ्यावरून खाली नेते. म्हणून त्यानं लांबच्या डोंगरातले ओढे वळवून माथ्यावर आणले आणि सँ-फेरेओल इथं धरण बांधलं. कालवा खोदणं त्यामानानं सोपं. खरी अक्कल इथं लागली.

“मग आपल्या जायकवाडीच्या कालव्यात नावा का नाहीत?” असं कोणी विचारील. १९६५ साली त्या धरणाची पायाभरणी झाली. त्याचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूरकडून परभणीकडे जातो. पण तो शेताला पाणी पाजण्यासाठी आहे. सबंध कालव्याला उतार, पाणी सतत धावतं, आणि पाळी संपली की कालवा कोरडा. नावेला पायरीपायरीनं थांबलेलं पाणी लागतं. दारं धरणाऱ्याला हा फरक सांगायला नको. पोरांना मात्र सांगायलाच हवा. फ्रान्समधला कालवा संथ, आपला ओढ असलेला. वरून शांत दिसतो, पण अस्तराच्या उतरत्या काठाला पायाला थारा नसतो, हाताला पकड नसते. पाळी चालू असताना पोहायला उतरू देऊ नका. कोणी पडलंच तर मागोमाग उडी न टाकता दोर, धोतर, लुगडं, जे हाताशी असेल ते फेका.

एकाच कालव्यानं दोन्ही कामं केल्याचं उदाहरण आपल्याच गोदावरीवर आहे. आंध्रात धवळेश्वरम इथं आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरनं १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधला. त्याच्या कालव्यांनी भाताला पाणी दिलं आणि पाणखोल्यांतून नावाही नेल्या. कुंडलिकेचं पावसाळी पाणी दुधनेला मिळतं, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. धरणांतून वाट मिळाली, तर जालन्याच्या पुलाखालून गेलेलं पाणी त्याच धवळेश्वरमला जाऊन पोचतं.