शून्याची काट

नववीत असताना वर्गातल्या एका मुलाने फळ्यावर लिहिले : क्ष = ४. मग,
क्ष × क्ष − ४क्ष = क्ष × क्ष − १६.
दोन्ही बाजू शून्य. आक्षेप घ्यायला जागा नाही. अवयव पाडले :
क्ष (क्ष − ४) = (क्ष + ४) (क्ष − ४).
समान अवयवाची काट मारली. उरले क्ष = क्ष + ४, म्हणजे ४ = ८! सरांनी ‘शून्याने भागायचं नसतं’ असे म्हणून फळा पुसला. पुढे शिक्षक झाल्यावर मीही कित्येक वर्षे तेवढेच सांगून फळा पुसत आलो, हे कबूल करायला हवे.

का भागायचे नसते? ३ ने गुणले की ४ चे १२ होतात, ८ चे २४. गुणाकार झाला तरी संख्या वेगळ्या राहतात, म्हणून ३ ने भागून परत फिरता येते. शून्याने गुणले की ४ आणि ८ दोघेही शून्यात जातात. कोण कुठून आला, याची खूणच उरत नाही. भागाकार म्हणजे गुणाकाराच्या वाटेने मागे येणे, आणि इथे वाटच बुजलेली. वरच्या उदाहरणात खरे विधान ४ × ० = ८ × ० एवढेच होते. क्ष − ४ या कंसात शून्य लपले होते, म्हणून काट मारताना हात अडखळला नाही.

समजा, हट्टाने म्हटले की शून्याला गुणून १ देणारी एखादी संख्या आहे. पण शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच येते. म्हणजे १ = ०, आणि मग प्रत्येक संख्या शून्याबरोबर! एका भागाकाराच्या सोयीसाठी सगळे अंकगणित गमवावे लागते.

या प्रश्नाने थोरांनाही चकवले आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य हे शून्य मानले. नवव्या शतकातल्या महावीराने शून्याने भागलेली संख्या बदलत नाही, असे म्हटले. भास्कराचार्यांनी अशा राशीला ‘खहर’ म्हटले, तिला अनंताच्या पंक्तीत बसवले. त्यांच्या ‘लीलावती’त (११५०) एक कोडे आहे : एका संख्येला शून्याने गुणा, त्यात त्याचेच अर्धे मिळवा, तिपटीने वाढवा, शून्याने भागा, उत्तर ६३. संख्या कोणती? भास्कराचार्य सांगतात, १४.

हे मला बरीच वर्षे खटकत असे. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, त्यांची चूक काढायची कशी? शेवटी शून्याच्या जागी एक शतांश घालून पाहिले. ०.१४ आणि ०.०७ मिळून ०.२१, तिप्पट ०.६३, शतांशाने भागले की नेमके ६३. सहस्रांश घाला, तरी ६३. म्हणजे शून्याच्या कितीही जवळ गेले तरी १४ हेच उत्तर टिकते. भास्कराचार्यांना हेच जाणवले असावे, असे मला वाटते. प्रत्यक्ष शून्य घातले की मात्र १४ घ्या किंवा १४०० घ्या, भागाकाराआधी हातात शून्यच उरते.