आपली मुले आणि श्रमांचा संस्कार



प्रवरेच्या काठी वसलेल्या कोल्हार परिसरात दहावीचा निकाल लागला की घराघरांत मागण्यांची यादी सुरू होते. आधी मोबाईल, मग मोटारसायकल. आई दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करते, वडील गवंडीकाम किंवा मजुरी करतात आणि प्रसंगी उसनवारी करून मुलाची हौस पुरवतात. चार दिवसांत वस्तूचे अप्रूप ओसरते. त्याच मुलाला गाईला चारा टाकण्यास सांगितले, तर तो कपाळाला आठ्या घालतो. आपल्याला सर्व काही मिळालेच पाहिजे, असा त्याचा समज होऊन बसलेला असतो. हा समज त्याच्या मनात कोठून आला, याचा विचार पालकांनी शांतपणे केला पाहिजे.

जे आम्ही सोसले ते मुलांना नको

आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या मागील पिढ्यांनी गावकीची वेठ सोसली आहे. त्या वेठीशी जोडलेली कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. परंतु श्रम म्हणजे अपमान, ही सल मनात राहिली. त्यामुळे चार पैसे हाती येताच, ‘आमच्या लेकरांच्या हाताला माती लागू नये’ असे आईबापांना वाटू लागले. ही भावना प्रेमातूनच आली आहे, म्हणून तिला कोणी नावे ठेवू नयेत. मात्र वेठ आणि श्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेठीत माणसाला किंमत नसते. आपल्या घरासाठी केलेल्या श्रमात मात्र त्याला आपली किंमत कळते. मुलांना वेठीपासून वाचवताना आपण त्यांना श्रमांपासूनही तोडले, आणि ‘या घराला माझी गरज आहे’ हा अनुभव त्यांना मिळेनासा झाला.

कर्मवीरांनी दाखविलेली वाट

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात एका थोर शिक्षणमहर्षींनी पूर्वीच दिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, स्वयंपाकात हात लावीत, शेतात राबत आणि शिकत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे घोषवाक्य होते. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजनेमुळे गरीब विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. ती मुले कोणाच्या दयेवर शिकत नव्हती. शिक्षणात त्यांचा स्वतःचा घाम होता, म्हणून त्यांना त्याचे मोल कळले.

परदेशातील अनुभवही असाच आहे. १९२९ नंतरच्या महामंदीत वाढलेल्या अमेरिकन मुलांवर समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी लिहिलेला ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांचे उत्पन्न घटले, तेथील मुलांनी लहानसहान कामे धरली, मुलींनी घर सांभाळले आणि त्यांच्यात जबाबदारीची जाणीव वाढलेली दिसली. याचा अर्थ हलाखी चांगली, असा नव्हे. मुलांना घरात खरा वाटा मिळाला, तर ती मोठी होतात, एवढाच बोध आपण घ्यावा.

घरी काय करता येईल?

पहिली गोष्ट, काम शिक्षा म्हणून देऊ नये आणि घरच्या कामाची मजुरीही लावू नये. जनावरांचे चारापाणी, डेअरीवर दूध घालणे, कांदा निवडणे, आजीची औषधे आणणे, यांपैकी एखादे काम पूर्णपणे मुलाच्या स्वाधीन करावे. ते चुकले, तरी लगेच आपण करून टाकू नये.

दुसरी गोष्ट मुलगा-मुलगी भेदाची. पुष्कळ घरांत बहीण भांडी घासते आणि भाऊ मोबाईल पाहतो. अशा घरात श्रमाचा संस्कार अर्ध्याच मुलांवर होतो. भाकरी, झाडलोट, धुणे यांत मुलांचाही वाटा असावा.

तिसरी गोष्ट, घरचा जमाखर्च मुलांसमोर मांडावा. किती दिवसांच्या मजुरीतून मोबाईल येतो, हे त्यांना स्वतः हिशेब करून कळू द्यावे. सुटीत दुकानात किंवा रोपवाटिकेत काम करून काही रक्कम त्यांनी स्वतः जमवली, तर उरलेली पालकांनी घालावी.

येथे कायद्याचे भान हवे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही. शाळा सांभाळून घरच्या बिनधोक कामात मदत चालते. १४ ते १८ वयोगटास धोकादायक कामांची मनाई आहे. कीटकनाशकाची फवारणी मुलांकडून कदापि करून घेऊ नये. मोटारसायकलचा हट्टही विचारपूर्वक नाकारावा. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नाझरेथचे घर

पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये १ मे हा श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून जाहीर केला. संत योसेफ यांच्या हाताखाली प्रभू येशूने सुतारकाम केले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये संत योसेफ यांच्यावर लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे की, पित्याने मुलांना जवळ कवटाळून न ठेवता जीवनाच्या वास्तवाची ओळख करून द्यावी आणि स्वतः निर्णय घेण्यास समर्थ करावे.

मुलांना ‘नाही’ म्हणणे आईबापांना जड जाते. पहिले काही दिवस घरात अबोला होईल, रुसवेफुगवे होतील. तरीही पालकांनी धीर सोडू नये. आज संध्याकाळीच मुलाला जवळ बसवून म्हणावे, “बाळा, उद्यापासून गाईचे चारापाणी तुझ्याकडे. तू केले नाहीस, तर ती उपाशी राहील.” आपल्यावर कोणीतरी अवलंबून आहे, हे त्याला प्रथमच कळेल.